नर्मदेचे उतार : अमरकंटक ते भरूच

आज आपण घरबसल्या एका नदीच्या काठाने जाणार आहोत. नदी आहे नर्मदा, लांबी १३१२ किलोमीटर. मोबाइलवर किंवा संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडून ठेवा. मी गावांची नावं सांगत जाईन, तुम्ही ती शोधत चला.

निघण्याआधी एक घरगुती गोष्ट. तुमच्यापैकी जे इंदूर, भोपाळ किंवा जबलपूरला राहतात त्यांना दरवर्षी हा अनुभव येत असेल. शेजाऱ्यांचा सावन सुरू होतो आणि आपल्या घरातला श्रावण यायला अजून पंधरा दिवस असतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. जुने लोक सांगत, नर्मदेच्या उत्तरेला संवत आणि पौर्णिमान्त महिने, दक्षिणेला शक आणि अमान्त महिने. गुजरातेत संवत आहे पण महिने अमान्त आहेत, म्हणजे नियम काही काटेकोर नाही. तरीही पंचांगापर्यंत पोहोचलेली सीमा म्हणून आपण याच नदीकडे बोट दाखवतो, हे महत्त्वाचं.

सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर भिंत येते. मला मात्र नर्मदेचा इतिहास वाचताना भिंतीपेक्षा तिच्यातले दरवाजे जास्त दिसतात. मराठीत त्यांना एक नेमका शब्द आहे : उतार. नदीचं पाणी जिथे उथळ होतं, तळ घट्ट असतो, दोन्ही काठ चढण्याजोगे असतात, तिथे माणूस, घोडा, बैल, तोफ पलीकडे जाऊ शकते. ती जागा म्हणजे उतार. या नदीकाठची मोठी गावं, किल्ले, देवळं आणि समाध्या पाहिल्या, तर त्यांतल्या कितीतरी अशा उतारांजवळ सापडतात. म्हणून आजची आपली सफर उतारांची आहे.

आधी नकाशा नीट बघा. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा आणि मधल्या खचदरीतून नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. तिचा मार्ग सगळीकडे सारखा नाही. भेडाघाट, पुनासा, हिरणफाळ, शूलपाणीची झाडी इथे ती कातळात अडकलेली आहे. त्यांच्यामध्ये सपाट पट्टे आहेत : जबलपूरपासून हंडियापर्यंत एक, मंडलेश्वर-महेश्वरच्या बाजूला निमाडचा दुसरा, आणि शेवटी भरूचचा. सैन्य कातळाच्या घळीतून उतरत नाही, ते सपाट पट्ट्यात येतं. त्यातही समोर सातपुड्याची खिंड आणि मागे माळव्याच्या पठारावर चढणारी वाट असेल, अशीच जागा शोधतं. बऱ्हाणपूर-असीरगडजवळ सातपुड्यात अशी खिंड आहे. म्हणूनच दख्खनमधून उत्तरेला जाणारे लोक शतकानुशतकं निमाडातल्या त्याच त्या चार-दोन ठिकाणी नदीवर येतात.

दुसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात नर्मदा कित्येक मीटर चढते आणि सगळे दरवाजे बंद होतात. दसऱ्यानंतर ते हळूहळू उघडतात, वैशाखापर्यंत उघडे राहतात. आपलं सीमोल्लंघन दसऱ्याला का, याचं एक उत्तर नद्यांच्या पाण्यात आहे. पुढे ज्या तारखा सांगेन, त्या या हिशेबाने ऐका.

आता अमरकंटक. नर्मदेचा उगम इथला. कुंडाशेजारी जुन्या मंदिरांचा एक समूह आहे, तो त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळचा. त्यातलं एक मंदिर अकराव्या शतकातल्या कर्ण राजाच्या नावाने ओळखलं जातं. इथे नदी एका उडीत ओलांडता येते.

पुढे मंडला. इथे नदी असं वळण घेते की गोंड राजांच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. राणी दुर्गावती याच गढा-मंडल्याची. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना तिने प्राण दिला. मंडल्याच्या वरच्या अंगाला रामनगरला हृदयशाहचा मोतीमहाल नदीकाठी आजही उभा आहे. तिथल्या १६६७ च्या शिलालेखात गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर चाल केली आणि राजा महाराजशाह त्यात मारला गेला. मराठ्यांचा इतिहास सांगताना आपण हे पान पटकन उलटतो. या काठावर उभं राहिलं की ते उलटता येत नाही.

जबलपूरजवळ भेडाघाट. संगमरवरी कड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी तुम्हाला वरच्या टेकडीवर नेतो. तिथे चौसष्ट योगिनींचं वर्तुळाकार मंदिर आहे. नाव चौसष्टचं, पण भिंतीलगतच्या देवळ्या ८१ आहेत. शेजारी तेवर नावाचं खेडं आहे, तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ चं काँग्रेसचं गाजलेलं अधिवेशन त्रिपुरीच्याच नावाने भरलं, त्याचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. या कलचुरींचे लेख एकत्र करून त्यांचा अर्थ लावण्याचं मोठं काम नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशींनी केलं. त्या लेखांतून एक मजेदार गोष्ट कळते. त्रिपुरीचे कलचुरी आणि दक्षिणेचे राष्ट्रकूट हे एकमेकांचे व्याही होते. कोकल्ल राजाची मुलगी राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याला दिली होती. म्हणजे नर्मदा फक्त फौजांनी ओलांडली असं नाही, लग्नाच्या वऱ्हाडांनीही ओलांडली.

आता पश्चिमेकडे होशंगाबादला. माळव्याच्या होशंगशाहाचं नाव असलेल्या या गावाचं नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झालं. इथून जवळ, नदीच्या उत्तर काठी हथनोरा गाव आहे. १९८२ च्या डिसेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तिथे गाळाच्या थरात एक अश्मीभूत कवटी मिळाली. आपल्या आधीच्या मानवाची ती कवटी. म्हणजे राजे, राज्यं, पंचांगं यांच्या लाखो वर्षं आधीसुद्धा या पाण्यावर कोणीतरी येत होतं.

याच पट्ट्यात पुढे हंडिया आणि नेमावर समोरासमोर आहेत. नेमावर उत्तर तीरावर, हंडिया दक्षिण तीरावर. नर्मदेचं नाभिस्थान ते हेच, असं लोक मानतात. नेमावरला परमारांच्या काळातलं सिद्धनाथाचं सुंदर मंदिर आहे. हंडिया अकबराच्या काळात माळवा सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते पुन्हा येईल.

इथून खाली नकाशावर एकदम निळाई पसरते. हा पुनासाजवळचा इंदिरासागर, साठवणक्षमतेने देशातला सर्वांत मोठा जलाशय. २००४ मध्ये याच पाण्यासाठी हरसूद हे गजबजलेलं गाव रिकामं करण्यात आलं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, दारं-चौकटी गाडीवर टाकल्या. संत सिंगाजींची समाधी मात्र राहिली. सोळाव्या शतकातल्या या निमाडी संतकवीच्या समाधीभोवती उंच बांधकाम करून ती पाण्यात बेटासारखी राखली आहे. एक समाधी वाचली, गाव गेलं, आणि नदीचा तळ जिथे पायाला लागायचा ती जागा नकाशावरूनही गेली.

ओंकारेश्वर तुम्हाला ठाऊक आहे. मी एकच गोष्ट दाखवतो. बेटासमोर दक्षिण काठावर अमरेश्वराचं, म्हणजे ममलेश्वराचं मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर १०६३ साली हलायुधाचं संपूर्ण शिवस्तोत्र कोरलेलं आहे. यात्रेकरू त्याच्या शेजारून जातात. पुढच्या वेळी गेलात तर थांबून ती अक्षरं बघा.

आता रावेरखेडी. नकाशावर मोठ्या अक्षरांत सापडणार नाही. सनावदच्या पश्चिमेला, खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचं हे खेडं. इथे २८ एप्रिल १७४० रोजी, शके १६६२ च्या वैशाख शुद्ध त्रयोदशीला, थोरले बाजीराव वारले. वय ४० देखील पूर्ण नव्हतं.

पुष्कळ जण मला विचारतात, बाजीराव तिथे काय करत होते? उत्तर तहाच्या कागदात आहे. १७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी गोदावरीच्या मुलखात लढाई झाली. त्यानंतरच्या मुंगी-शेवगावच्या तहात नासिरजंगाने हंडिया आणि खरगोन हे प्रांत बाजीरावांना जहागीर म्हणून दिले. बघा, तेच हंडिया. निमाडातल्या नर्मदेच्या उतारांवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती दख्खन आणि हिंदुस्थान यांच्यामधला दरवाजा. बाजीराव त्या नव्या जहागिरीची व्यवस्था लावायला आले होते. वैशाखाचं ऊन, पाणी उतरलेलं, फौज नदीकाठी. तिथे ज्वर आला आणि ज्या नदीपलीकडे त्यांनी मराठी राज्य नेलं, तिच्याच काठी सगळं थांबलं.

दगडी आवाराच्या आत त्यांची समाधी आहे. ती बांधण्याचं काम राणोजी शिंद्यांनी करवून घेतलं असं सांगतात. महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या फुगवट्यात ती जाईल, अशी भीती पुष्कळ वर्षं बोलून दाखवली गेली आणि इतिहासप्रेमींनी त्यासाठी आवाज उठवला. समाधी उचलून उंचावर बांधावी, अशीही एक सूचना होती. माझं मत सांगतो. दगड हलवता येतात, पण ही समाधी इथे आहे याला अर्थ आहे. ती उतारापाशी आहे म्हणून ती आपल्याला बाजीराव इथे का आले ते सांगते. टेकडीवर नेलेली समाधी फक्त कोण वारलं ते सांगेल.

रावेरखेडीहून खाली महेश्वर. घाटावर उभे राहून समोर पाहा. पलीकडच्या काठावर नावडातोली. गावाच्या नावातच नाव आहे, म्हणजे होडी. १९५२-५३ मध्ये आणि नंतर १९५७ ते ५९ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाबरोबर इथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव मिळालं. लाकडी खांब, कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंती, गोल आणि चौकोनी घरं, लालसर भांड्यांवर काळी नक्षी. धान्यात आधी गहू, मग तांदूळ, आणि मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख. आजच्या वाण्याच्या दुकानातली यादीच म्हणा ना!

हे गाव इथेच का? कारण जुनी वाट इथेच नदीवर येते. 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात बावरी नावाच्या गुरूचे सोळा शिष्य गोदाकाठाहून बुद्धाला भेटायला निघतात. त्यांच्या प्रवासातली गावं क्रमाने दिली आहेत : प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिष्मती, मग उज्जयिनी, पुढे विदिशा आणि मग श्रावस्ती. माहिष्मती म्हणजे महेश्वर असं बरेच अभ्यासक मानतात, काही जण ओंकार मांधाता म्हणतात. दोन्हींपैकी काहीही धरा, पैठणहून उज्जैनला जाणारा माणूस निमाडातच नर्मदेवर येतो.

याच जागी अहिल्याबाई होळकरांनी राजधानी आणली. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. घाट, किल्ला, विणकरांचे माग हे सगळं आपण महेश्वरला पाहतो आणि साधेपणाचं कौतुक करतो. त्यात एक गोष्ट निसटते. दक्षिणेला पुणे, उत्तरेला होळकर-शिंद्यांच्या फौजा, आणि त्यांच्यामधल्या नदीवर बाई बसलेल्या. जाणारा-येणारा जासूद, हुंडी, बातमी यांच्या वाटेवर. पुण्याचे वकील इथून लिहीत असलेली पत्रं पुढे 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' म्हणून छापली गेली. काशी विश्वनाथापासून थेट दक्षिणेपर्यंत बांधकामं करणाऱ्या बाईंनी वाटेवरचं गाव निवडलं, हा योगायोग नव्हता.

महेश्वरच्या खाली खलघाटला मुंबई-आग्रा महामार्ग नदी ओलांडतो. याच परिसरात अकबरपूरचा प्रसिद्ध उतार होता. १६५८ च्या मार्चमध्ये औरंगजेब बऱ्हाणपूरहून निघाला. ३ एप्रिलला त्याने नर्मदा ओलांडली आणि १५ एप्रिलला धर्मतची लढाई जिंकली. दिल्लीच्या तख्ताचा निकाल लागण्याची सुरुवात अशी या पाण्यात झाली. तोच औरंगजेब म्हातारपणी दख्खनमध्ये अडकलेला असताना, १६९९ मध्ये कृष्णा सावंत नावाच्या मराठा सरदाराने फौजेसह नर्मदा ओलांडून माळव्यात मुसंडी मारली. भीमसेन या मोगलांच्याच नोकरीतल्या लेखकाने ती नोंदवून ठेवली आहे. मग १७२८ च्या नोव्हेंबर अखेरीस चिमाजी आप्पांनी नर्मदा ओलांडली आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याला गिरधर बहादूरचा पराभव केला. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळच्या वेढ्यानंतर दुराईसराईला निजामाने लिहून दिलं : नर्मदा आणि चंबळ यांच्यामधला मुलूख मराठ्यांचा.

तारखा पाहिल्यात? नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिल. एकही पावसाळ्यातली नाही. अकराशे वर्षं मागे गेलात तर हीच नदी उलट दिशेने बंद झालेली दिसते. कनौजचा हर्ष दक्षिणेकडे निघाला आणि बदामीच्या पुलकेशीने त्याला थोपवलं. ६३४ सालचा ऐहोळेचा शिलालेख आणि चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग, दोघेही हर्षाला पुलकेशी नमला नाही हे सांगतात. हर्षाचं राज्य नर्मदेच्या अलीकडेच राहिलं.

बडवानीच्या पुढे पुन्हा निळाई सुरू होते. हा सरदार सरोवराचा फुगवटा, लांबी दोनशे किलोमीटरहून अधिक. याच्या एका काठाला आपला नंदुरबार जिल्हा आहे. महाराष्ट्राला नर्मदा लाभते ती एवढीच, आणि तिथलीच अक्राणी-अक्कलकुव्याची आदिवासी गावं पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, नवं वर बांधलं. ज्या पाण्याने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागते, त्याच पाण्याने हे घेतलं. मी दोन्ही वाक्यं एकत्रच बोलतो, कारण त्यातलं एक गाळून इतिहास सांगता येत नाही.

धरणाच्या खाली गरुडेश्वर. सिंधुदुर्गातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, १९१४ मध्ये इथे समाधिस्थ झाले. म्हणून मराठी माणसाची गर्दी इथे कायम असते.

आणि शेवटी भरूच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातलं बारिगाझा ते हेच. खाडीतली भरती इतकी जोरकस की परकी जहाजं आपली आपण आत येऊ शकत नसत. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन समोर जात आणि जहाजं ओढून आणत. त्याच ग्रंथात लिहिलं आहे की भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथला अकीक आणि कापड गाड्यांतून भरूचला येई. भरूच उत्तर काठावर आहे, तेव्हा तेरच्या विणकराचा माल रोमला जाण्याआधी नर्मदा ओलांडत होता.

भरूचला जुना लोखंडी पूल आहे, गोल्डन ब्रिज. १८७७ ला काम सुरू झालं, १६ मे १८८१ ला पूर्ण झालं. त्याआधीच्या पुलाला नर्मदेच्या पुरांनी पुन्हापुन्हा तोडलं होतं. माझ्या मते, उतारांचं युग संपलं ते अशा पुलांमुळे. माणसाला नदीच्या ऋतूची वाट बघण्याचं कारण उरलं नाही. धरणं नंतर आली. पुलांनी उतार निरुपयोगी केले, धरणांनी त्यांतले काही दिसेनासे केले.

एक मंडळी मात्र अजून जुन्या नियमाने चालतात : परकम्मावासी. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून ते सगळी नदी फिरतात आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिचं पात्र ओलांडत नाहीत. राजे, व्यापारी, फौजा नदीवर आल्या त्या ओलांडण्यासाठी. हे लोक येतात ते न ओलांडण्यासाठी. त्यामुळेच काठावरचं प्रत्येक खेडं, प्रत्येक देऊळ, बुडालेल्या गावाची वळसा घालणारी नवी वाट त्यांना ठाऊक असते. या काठाचा आजचा नकाशा पायाखाली असलेले तेच लोक.

मंडळी, तुम्ही इटारसी-भोपाळ गाडीने जाल, खलघाटवरून मोटारीने जाल, भरूचच्या पुलावरून जाल. पूल ओलांडायला एक-दोन मिनिटं लागतात. लोक खिडकीतून नाणं टाकतात. तुम्ही टाका न टाका, पण खाली पाणी कुठे उथळ दिसतंय ते बघा आणि काठ कुठे चढता येईल ते शोधा. इथून कोण, कधी, कशासाठी उतरलं असेल, हा प्रश्न मनात आला की समजा, आजची सफर पोहोचली. आणि रावेरखेडीला जमेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन या.

पुढच्या भागात त्या तहातली दुसरी नदी घेऊ : चंबळ. तोवर नकाशा बंद करू नका.